बेचाळीस टॉवेल

अक्कलकोट रोडच्या शेडवर ऊन चढलेलं.
चिदानंदनं ऑर्डर वाचली:
बेचाळीस टॉवेल, पांढरे, कडेला हिरवी पट्टी.
जाणार कुठं? साबा.
त्याला वाटलं, कुणीतरी सौदी लिहिताना चुकलंय.

जेवणाच्या सुट्टीत कडक भाकरी मोडत
श्रीशैलच्या मोबाईलवर हुडकलं.
निळं सरकवत गेलो, सरकवत गेलो,
निळं काही संपेना.
मग तिळाएवढा ठिपका.
मला वाटलं चटणी सांडली. पदरानं काच पुसली,
तरी तो राहिलाच.

कॅरिबियन समुद्र. तेरा चौरस किलोमीटर.
माणसं दोन हजाराच्या आतबाहेर.
विडी घरकुलात एवढी तर पाणी सुटलं की
एका गल्लीत गोळा होतात.

मधोमध डोंगर, आठशे सत्याऐंशी मीटर,
पोटात निजलेली आग, डोक्यावर ढग.
चढायला एक हजार चौसष्ट पायऱ्या.
"मोजल्या कुणी?" नरसूबाई म्हणाली.
ज्याचे गुडघे दुखले त्यानं.

राजधानीचं नाव 'तळ'.
आणि ती तळाला नाहीच,
समुद्रापासून कितीतरी वर, डोंगराच्या वाटीत.
आम्ही हसलो.
पण आमच्या साखर पेठेत तरी
कुठं साखर सांडलीय?

रस्ता एकच, त्याचं नावही रस्ता.
शिकलेले म्हणाले, इथं होणे नाही.
मग गावच्याच लोकांनी दगडावर दगड रचत
वीस वर्षांत केला.
त्याआधी बोटीतून उतरलं ते सगळं डोक्यावर,
कडा कोरलेल्या आठशे पायऱ्यांनी:
पीठ, कपाट, म्हणे पियानोसुद्धा.

धावपट्टी चारशे मीटर, दोन्ही टोकांना समुद्र.
शेजारच्या बेटावरून विमानानं पाव तास,
बोटीनं दीड.
आमच्या होटगी रोडला विमान यायचं
तर आख्खी चिमणी पाडावी लागली.
तिकडं विमानच चिमणीएवढं,
येतं, टेकतं, उडून जातं.

नदी नाही.
लाल छपरांवरचा पाऊस पन्हाळीतून टाकीत,
तोच वर्षभर पुरवायचा.
इथं मात्र कुणी हसलं नाही.
पाहुण्याच्या हातात टॉवेल देताना
तिथलीही बाई म्हणत असेल,
बेतानं अंघोळ कर रे बाबा.

वाळूचा किनारासुद्धा थोडे महिने येतो,
मग समुद्र परत घेऊन जातो.
"मग टॉवेल कशाला?" श्रीशैल म्हणाला.
त्याला कधीच घाम येत नसावा.

शेवटी एक ओळ होती:
पुरुष जहाजांवर गेले की बायका
कापडातले धागे उपसून जाळी भरत,
आणि पोस्टानं दूरदेशी विकत.
"थांब," मी म्हटलं. "फोटो दाव. मोठा कर."
गाठ कुठं मारलीय, बघत राहिले
भोंगा होईपर्यंत.

एक्केचाळीस टॉवेल नेहमीसारखे शिवले.
बेचाळिसाव्याच्या हिरव्या पट्टीपाशी
चार धागे उपसले, सुईनं बांधले,
नखाएवढी खिडकी झाली.
चिदानंदनं उजेडाला धरून पाहिलं.
"राजमणी, हे सॅम्पलमध्ये नाही."
"चुकलं," मी म्हटलं.
तो काही बोलला नाही.
नीट घडी घालून
खोक्याच्या तळाला ठेवला.