हातभर नखं

रे रोडला, दारूखान्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये
तो तीन आठवडे उभा आहे, डोक्याविना.
डोकं बाजूला, थिनरच्या डब्यांवर.
एवढ्या देहाला एवढंसं तोंड.
पाताडे म्हणतात, माप चुकलं असेल.
चुकलेलं नाही. तसंच होतं ते.

माझ्याकडे नखं आलीत रंगवायला.
एकेका हाताला तीन,
माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत
मोजून पाहिलं मी.
फायबरची, पॉलिश पेपर मारून मारून
विळ्यासारखी झालेली.

मंगोलियात आधी नखंच सापडली म्हणे.
शहाण्यासुरत्यांना वाटलं, राक्षसी कासव असणार.
नखांवरून कूळ काढायला गेलं
की असंच होतं.

काल घाटकोपरच्या मॉलचा माणूस आला.
टोकांना रक्त दाखवा थोडं, म्हणाला,
पोरं घाबरायला पाहिजेत, तिकीट आहे.
मी म्हटलं, हा पाला खायचा.
मग एवढी नखं कशाला?
फांदी खाली ओढायला.
आमच्या नेरूरला आंबे काढायची आकडी असते,
बांबूला बांधलेली, तशी.
त्यानं साहेबांना फोन लावला.
साहेब जरा गप्प राहिले असावेत.
मग हा हसला, “व्हेज आहे. चालेल.”

चालेल.

मुलुंडच्या त्या दोन खोल्या आठवल्या.
पूर्वेची खिडकी, खिडकीत बदामाचं झाड,
डिपॉझिटचा चेक माझ्या पर्समध्ये.
बाई गोड होत्या, चहा दिला.
“धुरी? म्हणजे मालवणकडच्या?”
मग अगदी हळू, आजार विचारावा तसं,
“मच्छी वगैरे…?”
खोटं बोलता आलं असतं.
पण तव्यावरचा बांगडा डोळ्यांपुढे आला
आणि मी हो म्हटलं.

मी नखं वाढवत नाही, रंग अडकतो.
झुरळसुद्धा केरसुणीनं बाहेर लोटते.
कुणाच्या गळ्याला नख लावलेलं नाही आजवर.
बांगडे सोडले तर,
आणि तेही बाजारात आधीच मेलेले.

याला मिळेल ती खोली.
दारातून मावणार नाही, ते बघतील काहीतरी.
खिडकीतून हात काढून
बदामाची पानं ओरबाडत बसेल दुपारभर,
आणि बाई खाली सांगतील,
भाडेकरू फार सज्जन आहे हो.

आज शेवटचा हात.
मुळाशी शिंगाचा पिवळा, टोकाला धुरकट काळा.
उजव्या हाताचं मधलं नख उलटं करून
आतल्या बाजूला, जिथं कुणी बघत नाही,
टाचणीनं एक बांगडा कोरला, नखाएवढा.
वरून वार्निश.

वाळायला रात्र जाईल.
पाताड्यांना म्हटलं, पंखा चालू ठेवा.