चौदा सेकंद

रोहो म्हणजे लाल. नायराने तो शब्द निळ्या शाईत लिहिला,
वेर्दे पिवळ्यात, असूल हिरव्यात.
शब्द वाचायचा नाही, रंग सांगायचा.

पहिला अडखळलो मीच. जीभ
अक्षरांमागे धावली, रंग तिथेच राहिला.
एकतीस सेकंद. तिच्या बाईंना अठ्ठावीस.
औषधवाला चिडून म्हणाला, घड्याळ बिघडलंय तुझं.

मग कोचाबांबाच्या बाजारात, बटाट्यांच्या ढिगामागे,
दोन्या एउलोखियाच्या हाती नायराने कार्ड दिलं,
उलटं.
तिने तसंच धरलं
आणि शेंगा सोलाव्यात तसे रंग सांगितले,
खालच्या ओळीपासून वर.
चौदा सेकंद. चूक एकही नाही.

"सगळ्यांत हुशार!" नायरा ओरडली.
दोन्या लाजली, दोन बटाटे जास्तीचे टाकले.

दर महिन्याला विजेचं बिल माझ्यापुढे सरकवते ती,
"चष्मा घरी राहिला."
सुईत दोरा मात्र इथेच ओवते,
पहिल्या फटक्यात.

रात्री वहीत आकडे भरून झाले.
शेवटचा रकाना: कारण.
"पापा, ती एवढी भरभर कशी?"
मी पेन्सिलीला टोक काढत बसलो,
टोक आलं होतं तरी.