बावीस सेंटिमीटर

दर गुरुवारी चार वाजता, म्हणजे अंधार पडल्यावर,
वाइके पिहेल वाचनालयात येते,
बुटांवरचा बर्फ दाराशी दोनदा आपटते
आणि तेच एक पान उघडून मागते,
रस्ते खात्याचं, गोठलेल्या समुद्रावरच्या वाटेचं.
आमच्या हीउमा बेटावरून पलीकडच्या सारेमाला.
बंद.
ती पुन्हा उघडायला लावते. बंद.
जणू दुसऱ्यांदा विचारलं की समुद्राला लाज वाटेल.

मी म्हटलं, एवढे हेलपाटे कशाला?
पेपर लावतो तसं हे लावून टाका. वर्गणीदार व्हा.
तिने पाकीट काढलं.
पैसे नाही लागत, वाइके.
पाकीट हातातच राहिलं, अविश्वासाने उघडं.

पानाच्या तळाशी नारिंगी खूण होती,
एक ठिपका, वर दोन कमानी.
रेडिओसारखं काहीतरी, मी म्हटलं.
"छे. तळ्यात खडा पडलाय,
आणि फोटो काढणाऱ्याला एकच कोपरा मिळालाय."

खुणेमागचं सहसा कुणी बघत नाही, ते तिला दाखवलं.
चित्रं नाहीत, रंग नाहीत, जाहिरातीतले दात नाहीत.
मासा खाऊन झाल्यावर ताटात उरतो तो काटा.
मथळा. तारीख. पत्ता. दोन ओळी.
मथळा. तारीख.
नवं येतं ते वर बसतं,
तळाचं कधीतरी गळून जातं.

"आणि हे आपणहून घरी येतं?"
इथे खोटं बोलता आलं असतं, सगळे बोलतात.
येत नाही. कुणीच येत नाही, वाइके.
आपण एक वाचक ठेवायचा,
तो तासातासाला उठून तिकडे जातो,
विचारतो, नवं काही?
नसलं तर तसाच परततो.
उंबरे झिजवतो आणि कुरकुरत नाही,
किती वेळा रिकामा आला तेही सांगत नाही.

ती बराच वेळ हातमोज्याची बोटं सुलट करत राहिली.
मग खिशातून कागद काढला,
चार घड्यांचा, कडा मऊ पडलेला.
पत्ता होता सारेमाच्या उत्तर किनाऱ्यावरचा,
कुणीतरी घरच्या घरी हवामान टिपून ठेवतं तिथला.
एन्देल पिहेल.
वारा वायव्येचा, आठ. उणे अकरा.
दृश्यमानता चार किलोमीटर. बर्फ सतरा सेंटिमीटर.
रोज एक नोंद, अकरा वर्षं. एकही विशेषण नाही.

"भाऊ," ती खिडकीला म्हणाली.
"बोटीवरून झालं."
पुढचं मी विचारलं नाही.

"मी हे लावलं, तर त्याला कळेल?"
नाही. तिकडे नावांची यादी नसते.
फार तर एवढं दिसेल, की कुणीतरी येऊन विचारून गेलं.
"कुणीतरी."
शहाजिऱ्याचा दाणा दाताखाली धरावा तसा तिने तो शब्द धरला.
"आणि कळावंसं वाटलं तर?"
माझी उत्तरं तयार असतात, पगारच त्याचा मिळतो.
याचं नव्हतं.

एकोणीस. वीस. वीस. एकवीस.
मग एका उबदार रात्री पुन्हा अठरा.
वाइके गुरुवारी यायची थांबली, घरीच दिसतं ना आता.
मी एका बाईचा हेलपाटा वाचवला
आणि चार वाजता दाराकडे बघायची सवय मात्र मला लागली.

मार्चमध्ये एका मंगळवारी तिची गाडी बाहेर उभी,
इंजिन चालू, मागच्या सीटवर राईच्या पावाची पिशवी.
काच खाली करून तिने फोन दाखवला, दोन ओळी.
रस्ते खातं: वाट खुली, सूर्यास्तापर्यंत.
एन्देल: बर्फ बावीस सेंटिमीटर. दृश्यमानता चांगली.
चांगली, मी मोठ्याने वाचलं.
"बर्फावर पट्टा सोडायचा असतो ना?"
हो, म्हटलं. बुडालो तर बाहेर पडता यावं म्हणून.
तिने तिथेच, भर रस्त्यात, सोडला.

एन्देलच्या नोंदी मीही लावून ठेवल्या होत्या, हे तिला सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी वाचक घेऊन आला:
वारा दक्षिणेचा, तीन. उणे चार.
बर्फाची ओळ त्या दिवशी राहून गेली होती.