दोन वाजून दहा मिनिटं

धैदला उन्हाळ्यात रात्र होते म्हणजे
फक्त उजेड जातो.
पारा चाळिसाखाली उतरायला कुरकुरतो,
आणि आमच्या चार नंबरच्या काचघरात
काकडीचे एकशे वीस वेल
तेवीस अंशांवर, साडीच्या दुकानातल्यासारख्या गारव्यात
उभे असतात दोरीला धरून.

मुळाशी माती नाही. पिशवीत नारळाचा भुसा,
पाणी खारं होतं, गोडं करून घेतलेलं.
किती प्यायचं, कधी प्यायचं,
हे वेलांना मशीन सांगतं.
मशीनला मी सांगते.
मला डॉक्टर मौझा अल-केतबी सांगतात,
त्यांना कोण सांगतं, ते मी विचारलेलं नाही.

मे महिन्यात आलेखावर एक टेकाड उगवलं.
रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
कार्बन डायऑक्साइड चढू लागायचा
आणि पावणेपाचनंतर ओसरायचा.
झाडं रात्री श्वास सोडतात, एवढं मलाही ठाऊक आहे,
पण इतकं मिनिटावर?
सेन्सर बदलला. केबल बदलली.
बारामतीच्या एका वर्गमित्राला आलेख पाठवला,
तो म्हणाला, भूत.

मशीनने काहीच विचारलं नाही.
त्याने तीन आठवड्यांत आपलं आपण शिकून घेतलं:
दोनला पाच कमी असताना
वरचा झरोका चार बोटं उघडायचा,
पंखा हळू करायचा,
ओल्या भिंतीवर थोडं जास्त पाणी सोडायचं.
पाहुणा येणार हे कळल्यावर
घरातलं कुणीतरी न बोलता करतं तसं.

मग एका गुरुवारी मीच थांबले,
झरोका बंद ठेवून, औषधांच्या कपाटामागे,
डब्यातले गार पोहे खात.
दोनला पहारेकऱ्याची बॅटरी लांब गेली.
दार सरकलं.
चपला बाहेर काढून ठेवून
तिलबहादूर घर्ती आत आला.
दिवसा भुशाच्या पिशव्या वाहणारा,
माझ्याशी 'जी मॅडम'पलीकडे न बोललेला.
सातव्या आणि आठव्या ओळीच्या मधे
पुठ्ठा अंथरला,
खताचा रिकामा डबा उशाला घेतला,
एकदा कूस बदलली
आणि झोपला.

मी टॅबवर आकडा बघत बसले.
पाचशे नव्वद.
अर्ध्या तासाने सहाशे वीस.
तीनला सहाशे चाळीस.
लेकीचा ताप मी मोजलाय रात्र-रात्र जागून,
पण कुणाचं निवांत झोपणं
असं मोजलं नव्हतं कधी.

सातव्या ओळीच्या काकड्या जास्त भरल्या
असं लिहायचा मोह होतो.
नाही भरल्या. वजन सगळीकडे सारखंच आलं.

एका खोलीत आठजण, एक खिडकी,
आणि एप्रिलपासून बंद पडलेला एसी,
हे मी नंतर चौकशी करून काढलं.
अहवालात 'विसंगतीचं कारण' असा रकाना असतो.
त्यात मी लिहिलं: उपकरणात बिघाड.
डॉक्टर मौझांनी वाचलं, पेनचं टोपण काढलं,
सही करता करता विचारलं,
"कुठल्या खोलीतलं उपकरण?"
मी म्हटलं, अकरा.
त्यांनी ते समासात लिहून घेतलं.
मंगळवारी नवा एसी बसला.

आता टेकाड नाही. आलेख सपाट, इस्त्री केल्यासारखा.
पण मशीनला कुणी सांगितलेलं नाही अजून.
दोनला पाच कमी असताना झरोका उघडतोच,
चार बोटं,
आणि बाहेरची वाफ आत येऊन
कोवळ्या तणाव्यांना जरा हलवते.
तो नियम पुसणं एका ओळीचं काम आहे.
रोजची थोडी वीज फुकट जाते,
ती मी 'निरीक्षण' या सदरात टाकते.

तिलबहादूर काल पिशव्या उतरवताना भेटला,
डोळे तांबारलेले.
पहिल्यांदाच सलग दोन वाक्यं बोलला:
नवीन मशीन फार आवाज करतं, मॅडम.
झोप लागत नाही.