अठ्ठेचाळीस तास

इनक्युबेटरमध्ये सदतीस अंश.
बाहेर अमरावती रोडवर पंचेचाळीस.
मे महिन्यातल्या नागपुरात
आतडंच काय ते थंड.

फ्लास्कच्या तळाशी पेशींचा पापुद्रा.
परदेशातल्या कुणा बहात्तर वर्षांच्या माणसाच्या
आतड्यातून काढलेल्या;
तो गेला, या राहिल्या.
त्यानं जन्मात जवसाचं निळं फूल पाहिलं नसेल.
मी त्याला जवसातलं आम्ल देते, मोजून,
प्रथिनाला बांधून,
लेकराला मधातून मात्रा चाटवावी तसं.
शेजारच्याला पामतेलातलं.
तिसरा उपाशी. आमच्या शास्त्रात
कुणालातरी उपाशी ठेवावंच लागतं.

"काय देऊन राहिली त्याले?"
फोनवर बाबा. मागे झारा वाजतोय,
गोळीबार चौकात संध्याकाळचं मटण चढलंय.
"तेल."
"किती?"
सांगते. थेंबाचा हजारावा भाग.
"एवढ्याशानं का होते वं?"

होतं, बाबा.
ते भिंतीतून आत झिरपतं.
केंद्रकात एक प्रथिन खोबण उघडी ठेवून बसलेलं,
त्यात ते नेमकं बसतं,
मग ते प्रथिन जोडीदाराला घेऊन
डीएनएच्या एका ओळीवर टेकतं,
आणि चरबी जाळणारी जनुकं, गप्प होती ती, बोलू लागतात.
तेलच सांगतं तेल कसं जाळायचं.

अठ्ठेचाळीस तासांनी पडद्यावर रेषा.
जवसाची तीन चक्रं आधी उठली;
तीन चक्रं म्हणजे आठपट.
पामतेलाची रेंगाळत.
उपाशी शेवटी.
बाबा असते तर म्हणाले असते, तर्री आली वर.

फोनवर सांगायचं नव्हतं तेही सांगून बसले:
तुमच्या आतड्यातली पेशी चार-पाच दिवसांची.
सोमवारचं जेवण जिनं चाखलं
ती शनिवारी नसते.
झारा थांबला.
"मंग माह्या चाळीस वर्षांचा हिशेब कोन ठेवते?"

माझ्या वहीत ते सदर नाही.

दुसऱ्या दिवशी भोजनालयातला गजू डबा देऊन गेला.
झाकणावर कोरलेलं आईचं नाव, गिरजा हेडाऊ,
आत जवसाची चटणी, लसूण जास्त.
आणि निरोप: "त्या म्हाताऱ्याले पन दे थोडी."

लॅबमध्ये खायला मनाई.
जिन्यात बसून खाते, भाकरीच्या तुकड्याला लावून.
बोटं तेलकट.
आत कुणीतरी, शनिवारपर्यंतचं,
खोबण उघडी ठेवून बसलेलं.