इतर

पतपेढीच्या अर्जात व्यवसायापुढे पाच चौकोन होते:
नोकरी, व्यापार, गृहिणी, निवृत्त, इतर.
मी शेवटच्यावर खूण केली.
पुढे टिंबांची रेघ, जेमतेम दोन इंच.
तिच्यात ‘स्वतंत्र संगीतकार’ मावेना,
शेवटचा ‘र’ समासात जाऊन पडला.

काउंटरपलीकडे खारकर बाईंनी चष्मा वर सरकवला.
“स्वतंत्र म्हणजे? कुणाकडेच नाही?”
कुणाकडेच नाही, मी म्हटलं,
आणि म्हणताना वाटलं,
प्रश्न नोकरीचा नसावा.

कर्ज मायक्रोफोनसाठी हवंय.
आत्ताचा उसना आहे, त्याची जाळी चेपलेली,
‘प’ म्हटलं की फुटतो.

भांडुपला, टेंभीपाड्यात, आमच्या खोलीत
रात्री दोननंतर मी आईचं कपाट उघडते
आणि साड्यांत तोंड घालून गाते.
सुती साड्या आवाज पितात,
नायलॉनच्या तोंडावर परत फेकतात,
हे कुठल्या गुरुजींनी शिकवलं नाही.
पंखा बंद. मे महिना.
आई पलंगावर जागी, कूस न बदलता पडलेली,
कारण पलंग कुरकुरतो
आणि तिला ठाऊक आहे, ते टेकमध्ये येतं.

दिवसा जे मिळेल ते.
अंधेरीला फरशी पुसायच्या औषधासाठी
‘चकाचक’ हा एकच शब्द एकोणीस वेळा गायले,
शेवटी त्यांनी पहिलाच ठेवला.
पैसे नव्वद दिवसांनी.
वांद्र्याच्या कॅफेवाल्याने सांगितलं,
मानधन नाही, पण लोक ऐकतील.
लोकांनी कॉफीचं यंत्र ऐकलं.
मीही ऐकलं; वाईट नव्हतं,
सम मात्र चुकवायचं.

आमचा ड्रमर निरंजन सावे आता विमा विकतो.
पहिली पॉलिसी त्याने मलाच विकली.
माझी सही होईपर्यंत त्याची बोटं टेबलावर
सात मात्रा मोजत होती,
मी मुद्दाम सावकाश सही केली.

तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी,
वरच्या देवरुखकर काकूंच्या कुकरची शिट्टी आलीय.
पहाटे पावणेपाच, मुलाच्या डब्याची डाळ.
मिक्सिंग करणारा जर्विस म्हणाला, पुसतो.
मी हेडफोन लावून तीनदा ऐकलं.
शिट्टी कोमल निषादावर होती,
अगदी नेमकी,
मीच तिथे जरा उतरले होते.
शिट्टी ठेवली. मी परत गायले.

नंतर नागोठण्याहून कुणी एकावन्न रुपये पाठवले,
आहेरासारखे, वर एक रुपया धरून,
आणि विचारलं, ते मधलं वाद्य कोणतं?
अजून उत्तर दिलं नाही.
काय लिहू, हॉकिन्स?

खारकर बाईंनी उत्पन्नाचा कागद उलटा करून पाहिला,
मागेही काही असेल म्हणून.
“दोनशे बारा रुपये साठ पैसे. महिन्याचे?”
तीन महिन्यांचे.
त्या हसल्या नाहीत.
कागदाला टाचणी लावली, नीट, कोपऱ्यात,
इतर कागदांना लावतात तशीच.
“दोन जामीनदार लागतील.”

एक निरंजन. त्याने फोनवरच हो म्हटलं
आणि कर्जाचाही विमा असतो, हे सांगितलं.

दुसऱ्या सहीसाठी मी वरच्या मजल्यावर गेले.
काकूंनी अर्ज दारातच वाचला, सगळा,
बारीक अक्षरांसकट.
समासातल्या ‘र’वर बोट ठेवून म्हणाल्या,
हा बाहेर का?
मग म्हणाल्या, शिट्टीचे किती मिळाले?

मी खरं ते सांगितलं.
त्यांनी सही केली,
उभ्यानेच, भिंतीवर कागद धरून.
गॅसवर डाळ होती.