एकेचाळीस ग्रॅम

रोहण्याच्या फाट्यावर बंद पडलेलं जिन आहे.
त्याच्या प्रेस-हाउसात आता आम्ही उपग्रह बांधतो.
फार मोठा नाही,
पंधरा किलो तेलाचा पिपा असतो ना, तेवढा.
सोळा माणसं, दोन जनरेटर, आणि पाटी कोरी,
कारण गिऱ्हाईक संरक्षण खात्याचं.
गावानं विचारलं तर सांगायचं, पार्ट बनवतो.
कशाचे?
लहान लहान.

धुळीचं काही नाही, तिला चाळणी आहे.
आमचा वैरी तंतू.
चाळीस वर्षं या भिंतींनी कापूस ओढला श्वासात.
तीनदा धुतल्या, वर इपॉक्सी चढवला,
तरी मार्चच्या उन्हात कुठल्याशा फटीतून
रुईची एक केसर सुटते
आणि भिंगाकडे अशी निघते
जशी ओळखीच्या घरी चालली आहे.
मी चिमट्यात धरते. वहीत लिहिते
वेळ, जागा, लांबी.
आजवर दोनशे सहा.
प्रत्येकीखाली सही: योगिता तुमडाम, वायरिंग.

रवाना व्हायला सहा दिवस होते आणि तोल चुकला.
डावा कोपरा हलका. किती?
एकेचाळीस ग्रॅम.
बंगळूरचा माणूस म्हणाला, अठरा दिवस लागतील.
काचेपलीकडे अजाबराव ढोले उभे होते,
रात्रीचे चौकीदार, पूर्वी याच जिनात प्रेसचे फिटर.
त्यांना आत यायची परवानगी नाही.
त्यांनी खिशातून पितळी बिल्ला काढला,
हजेरीचा, नंबर एकशे सतरा,
आणि खिडकीतून सरकवला.
"याले तोलून पाह्य बरं."

एकेचाळीस पूर्णांक शून्य दोन.

कुणी काही बोललं नाही.
वातानुकूलन तेवढं बोलत राहिलं.
मग फिरदौस मॅडमनी मास्क खाली न करताच सांगितलं,
पितळ चालत नाही, काका.
तिकडे हवा नाही. पितळातलं जस्त
हळूहळू उडतं आणि भिंगावर जाऊन बसतं.
अजाबरावांनी बिल्ला परत घेतला, धोतराला पुसला.
"म्हंजे पितळाचा बी तिथं दम निघत नाई."
नाही निघत.
"तं राहू द्या."
पुलगावच्या लेथवर रात्री दोनला
स्टीलचा तुकडा कातला. तो गेला वर.

आता तो रोज साडेदहाच्या सुमाराला
आमच्या बाजूनं जातो, सकाळी एकदा, रात्री एकदा.
सहा-सात मिनिटं.
डोळा मिटलेला असतो. यादीत आमचा तालुका नाही.
पहिल्या आठवड्यात एकदाच उघडला होता, चाचणीसाठी.
त्यासाठी आम्ही टिनावर चुन्यानं मोठी फुली काढली,
मी स्वतः, शिडी धरायला दोघं,
हात तीन दिवस सोलले होते.
फोटो आला म्हणतात. चांगला आला म्हणतात.
आम्हाला दाखवायचा नियम नाही.

"आपलं टिन दिसलं काय त्याले?"
माहीत नाही, काका.
"तूच बांधला ना?"
बांधला.

काल रात्री मी अँटेना आर्वीकडे वळवून बसले होते.
अजाबरावांनी कानाला लावायचा एक बोंडा मागितला.
आधी नुसती खरखर, सरकी पडते तशी.
मग त्यातून ते बारीक टिक्, टिक्,
आभाळाच्या कडेला लागेपर्यंत.
त्यांनी डोळे मिटले होते.
मान जरा तिरपी, शाफ्टजवळ धरत असतील तशी.
"पट्टा ढिला नाई," म्हणाले. "चालू दे."

उठताना त्यांच्या बाहीवर मला एक तंतू दिसला.
पांढरा, पेरभर लांब.
जिन बंद होऊन अकरा वर्षं झाली.
मी उचलला. वही आत होती,
आत जायचं म्हणजे पुन्हा टोपी, झगा, पायमोजे.
खिशात टाकला.